ज्वारी सोडून सोयाबीन का पेरतात? कमी जमिनीच्या शेतकऱ्याचं गणित, सोप्या भाषेत

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. धाराशिव, बीड, इकडे सोलापूरकडची सीना काठची गावं, काढणीला आलेलं सोयाबीन आणि त्यात कमरेएवढं पाणी. त्या आठवड्यात माझ्या पुण्यातल्या ऑफिसात निदान चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की अरे दरवर्षी हेच होतंय तर लोक सोयाबीन पेरतातच कशाला, पूर्वीसारखी ज्वारी पेरावी ना, निदान खायला तरी होईल.

प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला होता म्हणून मला राग नाही आला, पण दोन मिनिटांत उत्तरही देता आलं नाही. मी लातूर जिल्ह्यातला, घरी साडेतीन एकर कोरडवाहू, चुलते कसतात. तर जे त्या दिवशी सांगता आलं नाही ते इथे नीट लिहितोय.

आधी दोन-तीन शब्द

जे पीक मुख्यतः घरात खायला पिकवतात, उरलं तर विकतात, ते अन्नपीक. ज्वारी, बाजरी, भात, नाचणी. जे विकायलाच पिकवतात ते नगदी पीक. ऊस, कापूस, सोयाबीन, हळद. सोयाबीन आपण भाकरीसारखं खात नाही, तीन एकर सोयाबीन पिकवणाऱ्याच्या घरात त्यातलं किलोभरसुद्धा शिजत नाही, हे शहरातल्या बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

तिसरा शब्द अल्पभूधारक. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरापर्यंत जमीन असलेला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी जमीन खातेदारामागे १.३४ हेक्टर निघाली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. तेव्हा 'शेतकरी' म्हटलं की ट्रॅक्टरवाला बागायतदार डोळ्यासमोर आणू नका.

पेव होतं तेव्हा

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो, क्लासेसचं पेव फुटलं, मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलं. पण पेव पाहिलेली माणसं आता फार थोडी राहिली. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोली, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं, बाजूने कडबा नाहीतर पाचट लावायचं, ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीने बंद करायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा विषारी झालेली असते, आधी कंदील सोडून बघायचा. आमच्या वाड्यात एक होतं, आता त्यावर फरशी आहे आणि त्या फरशीवर मोटरसायकल उभी असते.

पेव म्हणजे त्या घराची बँक होती. एक साल पिकलं नाही तरी मागच्या सालाची ज्वारी होती. शिवाय ज्वारी एकटी येत नव्हती, दाणा माणसाला आणि कडबा बैलाला, ओळींमधून तूर, अंबाडी, कुठे वाळकं. एका पेरणीत भाकरी, वरण, भाजी आणि वैरण.

हे सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. बहात्तरच्या दुष्काळात हीच पेवं रिकामी होती आणि लोकांनी सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खाऊन दिवस काढले. आजी मिलोचं नाव निघालं तरी तोंड वाकडं करायची. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणायला मी बसलेलो नाही.

मग सोयाबीन आलं कसं?

१९८० च्या दशकात राज्यात ज्वारी ६० लाख हेक्टरच्या वर होती. आज २० लाखांच्या आत आली आणि सोयाबीन ५० लाख हेक्टरच्या आसपास गेलंय. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात जमिनीचा रंगच बदलला. आणि त्यातही पावसाळी, म्हणजे खरिपाची ज्वारी तर जवळजवळ संपली, जी काय उरली ती रब्बीची, सोलापूर, मंगळवेढा, बीड, नगरकडची मालदांडी.

कारणं एक नाही, पाच-सहा आहेत आणि ती एकमेकांत गुंतलीत. ज्वारीला हात फार लागतात, पाखरं राखायला माणूस, उपटायला नाहीतर कापायला माणूस, कणसं खुडायला, पेंढ्या बांधायला, आणि मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. सोयाबीनची काढणी गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, देता येते, मळणीयंत्र शेतात येतं आणि एका दिवसात पोती घरी. शंभर-एकशेपाच दिवसांत रान मोकळं होतं, मागे हरभरा पेरता येतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हातात रोख येते. पोराची फी, दुकानदाराची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, यातलं काहीही ज्वारीच्या पोत्याने फेडता येत नाही.

दुसरीकडून रेशन आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो गहू-तांदूळ दोन-तीन रुपयांनी आणि २०२३ पासून तर फुकट. हे चांगलंच झालं, उपाशी कोणी झोपत नाही. पण घरापुरतं धान्य पिकवायलाच हवं ही जी सक्ती होती ती त्याने सैल झाली. रेशनवर ज्वारी मिळाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, पण मिळाला गहू आणि तांदूळ. आमच्याकडची नवी पोरं पोळी खातात, भाकरी थापता येणारी सून आता कौतुकाचा विषय झालीय.

यात हवामानबदल कुठे आला?

इथे नीट लक्ष द्या, कारण हवामान या गोष्टीत दोन्ही बाजूंनी मारतं.

तुळशीला रोज एक तांब्या पाणी घालणं आणि आठवडाभर काहीच न घालता रविवारी बादली ओतणं, पाणी तेवढंच, पण दुसऱ्या प्रकारात तुळस जगत नाही. पावसाचं हेच झालंय. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे आभाळाची बादलीच मोठी झाली, भरायला वेळ लागतो आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आणि मधली उघडीपही तशीच लांबते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑगस्ट म्हणजे नेमका सोयाबीनचा फुलोरा आणि शेंगा भरायचे दिवस.

आता पहिली बाजू बघा. खरिपाची ज्वारी काढणीला येते तेव्हा परतीचा पाऊस आला की कणसातला दाणा बुरशीने काळा पडतो. काळ्या ज्वारीला व्यापारी विचारत नाही, भाकरीही कडवट होते. असे दोन-तीन हंगाम गेले की माणूस म्हणतो जाऊदे, लवकर निघणारं पीक घेऊ. म्हणजे लहरी पावसाने लोकांना ज्वारीतून सोयाबीनकडे ढकललं. रब्बीच्या ज्वारीलाही सुटका नाही, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिलीय त्यांना आडवी झालेली रानं अजून आठवतात.

दुसरी बाजू म्हणजे ज्या सोयाबीनकडे ढकलले गेले ते पावसाच्या बाबतीत जास्तच नाजूक निघालं. ज्वारीला ताण पडला की ती पानं गुंडाळून गप्प उभी राहते, पाऊस आला की परत चालू. सोयाबीन फुलोऱ्यात पंधरा-वीस दिवस पाणी नसलं की फुलं गाळतं, ते गेलं ते गेलं. मग पिवळा मोझॅक, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग येतो, २०२२ मध्ये लातूर-बीड-धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी उगवतीची रानंच्या रानं खाल्ली, लोक रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचत होते. आणि शेवटी काढणीला पाऊस. कापलेल्या सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली चार दिवस दबून राहिली की आत गरम होते. यंदा चुलत्यांनी ताडपत्री उचलली तेव्हा वाफ निघाली आणि आंबूस वास आला, शेंगेत हात घातला तर प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. मोड आलेल्या मटकीसारखा, फक्त ही मटकी वर्षभराची कमाई होती.

एका जोखमीच्या जागी दोन

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे आणि बातम्यांमध्ये नेमका हाच भाग सुटतो.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. सहा माणसांचं घर, तीन एकर जमीन. माणशी महिन्याला बारा किलो धान्य धरलं तर वर्षाला साडेआठ क्विंटलच्या वर लागतं. रेशनचं माणशी पाच किलोप्रमाणे साडेतीन क्विंटलच्या आसपास येतं. राहिले पाच क्विंटल. पूर्वी हे पाच क्विंटल रानातून यायचे. आता तिन्ही एकर सोयाबीन म्हटल्यावर ते विकत आणायचे, चाळीस रुपये किलो धरा, झाले वीस हजार.

तीन एकरात एकरी सहा क्विंटल म्हणजे १८ क्विंटल सोयाबीन. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून एकरी १८ हजार रोख खर्च, एकूण ५४ हजार. क्विंटलला ४२०० मिळाले तर आले ७५,६०० आणि हातात उरले २१,६००. त्यातले वीस हजार धान्याला. उरले सोळाशे, वर्षाचे. आता यातलं अर्धं पीक भिजलं आणि राहिलेल्या नऊ क्विंटलला डाग म्हणून ३५०० चा भाव लागला, तर आले साडेएकतीस हजार, म्हणजे खर्चातच साडेबावीस हजारांचा खड्डा, आणि वर धान्य विकत आणायचंय ते वेगळं.

ज्वारीच्या काळात पाऊस बिघडला तर धान्य कमी यायचं, हाल व्हायचे, पण घरातल्या ज्वारीला भाव कोसळण्याची भीती नव्हती. पोत्यातली ज्वारी बाजार पडला म्हणून कमी भाकऱ्या देत नाही. सोयाबीनवाल्याला मात्र आधी पाऊस साधावा लागतो आणि मग भावही साधावा लागतो. दोन्ही साधलं तर घर पक्कं होतं, मोटरसायकल येते, पोरगी लातूरला शिकायला जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि सोयाबीनने खूप घरं वर आणली हे मान्यच केलं पाहिजे. पण एक जरी हुकलं तरी ते थेट ताटापर्यंत येतं.

आणखी एक गोष्ट, जी बायका बोलतात आणि पुरुष टाळतात. कणगीतली ज्वारी आजीच्या हातात होती. किती दळायची, लेकीला किती बांधून द्यायची, बियाणं म्हणून कुठली कणसं माळ्यावर टांगायची, हे ती ठरवायची. अडतीवरची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आणि पैसे मात्र पुरुषाच्या खिशात येतात. कडबा गेला तशी गोठ्यातली जनावरंही कमी झाली, म्हणजे घरचं दूध गेलं आणि शेणखतही गेलं.

लातूरचा भाव ब्राझीलमध्ये ठरतो म्हणजे काय?

शंभर किलो सोयाबीन गाळलं की त्यातून अठरा-वीस किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. ही पेंड म्हणजे कोंबड्यांचं खाद्य. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेल आणि पेंड या दोन गोष्टींवर चालतो आणि दोन्हींचा बाजार जगाचा आहे. ब्राझील, अमेरिका, अर्जेंटिनात पीक भरघोस आलं की पेंड स्वस्त. आपण खायचं तेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, त्यावरचं आयातशुल्क सरकारने कमी केलं की शहरात तेल स्वस्त होतं आणि इकडे सोयाबीन खाली येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढवलं, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं २० वरून १० टक्क्यांवर आणलं.

२०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लातूरला भाव दहा हजारांच्या वर गेला होता, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा कोंबडीवाल्यांची ओरड झाली, ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या, पेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळजवळ अर्ध्यावर. दहा हजारांचा भाव मिळाला कोणाला? ज्याच्याकडे जुलै-ऑगस्टपर्यंत माल थांबवून ठेवायची ऐपत होती त्याला. कर्ज आणि उधारी डोक्यावर असलेला तीन एकरवाला दसऱ्यालाच विकून बसलेला असतो. त्या भावाची बातमी वाचून मात्र पुढच्या वर्षी आणखी लोकांनी सोयाबीन पेरलं.

पण हमीभाव आणि विमा आहे ना?

हमीभाव म्हणजे या भावाच्या खाली जायला नको असं सरकारने जाहीर केलेला दर. २०२५-२६ साठी सोयाबीनचा ५३२८ रुपये, आणि हंगामात बाजारात चार हजारांच्या आसपास चाललं होतं. फरक मिळवायचा तर सरकारी खरेदी केंद्रावर जायचं, तिथे नोंदणी, नंबर, बारदाना आणि ओलावा. नियम १२ टक्के ओलाव्याचा. २०२४ मध्ये तो १५ पर्यंत सैल करावा लागला कारण पावसात भिजलेला माल बाराला येईना. आणि पैसे जमा व्हायला वेळ लागतो, तोवर थांबणार कोण?

विम्याचं थोडं समजून घ्या. पीकविमा तुमच्या रानाचा नसतो, महसूल मंडळाचा असतो, म्हणजे आसपासच्या काही गावांचा गट. त्यात काही ठिकाणी कापणी प्रयोग करून, म्हणजे ठरावीक जागेतलं पीक कापून मोजून, सरासरी काढतात. वर्गातल्या पाच पोरांचा ताप मोजून सगळ्या वर्गाला औषध द्यायचं की नाही हे ठरवण्यासारखं. तुमचं रान ओढ्याकाठी आणि पूर्ण गेलं, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर तुम्हाला काही नाही. आधी निदान स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान यांची वेगळी तरतूद होती, पण राज्याने २०२३ ला आणलेली एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपात बंद करताना ह्या तरतुदीही वगळल्या, फक्त कापणी प्रयोग ठेवला. आणि त्याच सप्टेंबरात तो पूर आला. मला हे अजून पटत नाही. एक रुपयाच्या योजनेत खोटे अर्ज झाले हे खरं, पण चोर पकडायच्या ऐवजी छप्परच काढून घेतलं.

"ज्वारी तर साठ रुपये किलो झालीय, मग पेरा की"

दुकानात चांगली मालदांडी महाग आहे, खरंय. पण शेतकऱ्याला मिळतो तो भाव वेगळा, आणि तो चांगला मिळतो तोही पेरणारे कमी राहिलेत म्हणून. उद्या सगळे पेरायला लागले तर तो किती टिकेल?

याहून मोठी अडचण पाखरांची आहे. ऐकायला साधी वाटते पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पूर्वी अख्ख्या शिवारात ज्वारी असायची. पाखरं तेवढीच, रानं शेकडो, प्रत्येकाचा मूठभर दाणा जायचा. मचाणावर पोरं गोफण घेऊन, सगळं शिवार एकाच वेळी हाकारतंय. आता चारी बाजूंना सोयाबीन-हरभरा आणि मधे एकट्याची एकरभर ज्वारी असली की सगळ्या गावाची पाखरं त्याच एकरात उतरतात. चुलत्यांनी तीन वर्षांमागे एकट्याने पेरून बघितली, कॅसेटच्या फिती बांधल्या, पत्र्याचे डबे वाजवले, शेवटी अर्ध्या कणसांत नुसती चिपाडं. रानडुकरांनी बाकीचं बघितलं.

म्हणजे ज्वारी एकट्यादुकट्याने परत पेरायचं पीकच राहिलेलं नाही. गाव सगळं मिळून सोडून गेलं आणि आता परत यायचं तर एकेकट्याने यायला लावतोय आपण. शिवाय रब्बी ज्वारी सप्टेंबर मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत पेरावी लागते आणि तेव्हा रानात सोयाबीन उभं असतं. जुने लोक रब्बी ज्वारीचं रान पावसाळाभर मोकळं ठेवायचे, पाणी काळ्या मातीत मुरवायचे आणि त्या ओलीवर, थंडीच्या दंवावर ज्वारी यायची. सोयाबीन ती ओल आधीच पिऊन घेतं.

मग काहीच होऊ शकत नाही का?

होतं, आणि काही ठिकाणी चालूही आहे, पण तीन एकरांत जुगार खेळायची ताकद नसते म्हणून हळूहळू. निव्वळ सोयाबीनऐवजी मधून तुरीच्या ओळी टाकायच्या, सोयाबीन गेलं तरी तूर जानेवारीपर्यंत उभी असते. सपाट पेरण्याऐवजी रुंद वरंबा-सरीवर पेरायचं, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि उघडीप पडली तर तिथेच मुरलेलं कामी येतं. बियाणं घरचं ठेवायचं आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघायचे, सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही, बॅगेचे पैसे वाचतात. हे शेतकऱ्याच्या हातातलं.

जे त्याच्या हातात नाही ते सरकारच्या हातात आहे. कर्नाटकात रेशनवर नाचणी-ज्वारी दिली जाते. आपल्याकडेही ज्या तालुक्यात ज्वारी खातात तिथे तिथलीच ज्वारी हमीभावाने घेऊन तिथल्याच रेशन दुकानात, अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीच्या जोडीला दिली तर पेरणाऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल आणि एकट्याने पेरायची वेळ येणार नाही. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची बिस्किटं आणि कुकीज बऱ्याच पाहिल्या, आमच्या गावातल्या रेशन दुकानात ज्वारी मात्र आली नाही.

यंदा सोयाबीन गेल्यावर चुलत्यांनी विहिरीजवळचं वीस गुंठे रान घाईने तयार केलं. पेरायच्या आधी बांधाला बांध लागून असलेल्या तिघांच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला, आणि त्यांनाही वीस-वीस गुंठे ज्वारी टाकायला लावली, बियाणं आपल्याकडचं देतो म्हणाले. मी फोनवर विचारलं एवढा आग्रह कशाला, तर म्हणाले, "आरं, पाखरं वाटून घ्यायला माणसं लागतात बाबा." आता चौघांमध्ये मिळून दोन एकर ज्वारी पोटऱ्यात आलीय, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात आहे, आणि राखणीच्या पाळ्या कोणी कधी करायच्या यावर रोज पारावर बोलणं चाललंय.